पीयूसीत नापास झालेली जुनी गाडी: मोडीत काढायची तर नेमकी कशी

पीयूसीवाल्याने हातात दिलेल्या कागदावर दोन आकडे होते. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८६, एचसी (न जळालेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन) ९१०. आमच्या २००६ च्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. सीओ जवळजवळ चौपट. "आधी टाकी फुल करा, हायवेला एक फेरी मारून आणा," असं तो म्हणाला. ते केलं. दुसऱ्या दिवशी सीओ १.७ वर आला, म्हणजे नापास ते नापासच.

पुढचे दोन महिने मी या एका गाडीमागे होतो. गॅरेज, आरटीओ, विमा, स्क्रॅप केंद्र सगळीकडे चकरा झाल्या. गाडी द्यायची ठरवणं अवघड असतं, पण ती नीट देणं त्याहून अवघड आहे हे तेव्हा कळलं. गाडी फाटकाबाहेर गेली म्हणजे सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. कागदोपत्री ती तुमच्या नावावर असेपर्यंत तुम्ही सुटलेले नसता. या लेखातली प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने लिहिली आहे.

नापास झाल्याचा कागद टाकू नका

२०२१ पासून देशभर पीयूसीचा एकच नमुना आहे, आणि गाडी नापास झाली की केंद्राने 'रिजेक्शन स्लिप' द्यायची असते. ती मागून घ्या. त्यावर मोजलेले आकडे असतात आणि मेकॅनिकला त्यावरून बरंच काही कळतं. दुसऱ्या केंद्रावर पुन्हा तपासून घ्यायचं असेल तरी ती उपयोगी पडते.

मर्यादा गाडीच्या काळावर ठरते. बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारचे उत्सर्जन निकष. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल मोटारींना वर दिलेली मर्यादा लागू आहे. बीएस-४ ला सीओ ०.३ आणि एचसी २००. डिझेलमध्ये धुराची घनता मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिजपर्यंत (हे धुराच्या घनतेचं एकक) चालतं, बीएस-४ ला ५०. पुण्या-मुंबईत बीएस-३ एप्रिल २००५ पासून आणि बीएस-४ एप्रिल २०१० पासून आलं. राज्याच्या बाकी भागात दोन्ही नंतर आली. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे निकष वेगळे निघू शकतात, म्हणून आरसीवरचा उत्सर्जन निकष आधी बघा.

शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन 'सेटिंग'ने पीयूसी मिळवून देणारे भेटतात. मला दोघे भेटले. नको म्हणा. धूर आपल्याच गल्लीत राहतो. शिवाय वाहतूक पोलिसांना किंवा आरटीओच्या निरीक्षकाला शंका आली तर ते गाडी पुन्हा तपासायला लावू शकतात आणि तिथे नापास झाली तर नोंदणी निलंबित होऊ शकते. प्रदूषणाची मर्यादा मोडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, एवढी तरतूद आहे.

दुरुस्त होण्यासारखी आहे का, हे आधी ठरवा

नापास झालेली प्रत्येक गाडी मोडीत काढायच्या लायकीची नसते. खूप गाड्या हजार-दोन हजारांत पास होतात. हा भाग घाईने उरकू नका, कारण एकदा दिलेली गाडी परत येत नाही.

सीओ जास्त म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर बुजलेला असेल, ऑक्सिजन सेन्सर गेलेला असेल, इंजेक्टर गळत असेल, किंवा तापमानाचा सेन्सर इंजिन कायम थंडच आहे असं सांगत असेल. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. तिथे प्लग, प्लगच्या वायरी, इग्निशन कॉइल, व्हॉल्व्ह बघायचे. दोन्ही जास्त असतील आणि या सगळ्या गोष्टी ठीक निघाल्या, तर संशय कॅटलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅटकॉन'वर. आणि कॅटकॉन साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. त्यामुळे गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम असतानाच तपासायला न्या. घराशेजारच्या केंद्रावर थंड गाडी नेऊन नापास होणारे कितीतरी जण आहेत.

डिझेलच्या काळ्या धुराला बहुतेक वेळा एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा पंपाचं कॅलिब्रेशन कारण असतं. निळा धूर मात्र पेट्रोल असो की डिझेल, ऑइल जळतंय असं सांगतो, आणि तो खर्च मोठा असतो.

हे सगळं करून झाल्यावरही आकडे खाली येत नसतील तर कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्लग काढून त्या जागी गेज लावतात, स्टार्टर फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १३ बार मिळतो, आणि सिलिंडरांमध्ये फार तफावत नसते. आमच्या गाडीचे आकडे आले ११, १०.८, ७.२ आणि १०.९. मेकॅनिकने तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा साडेनऊवर गेला. ऑइलमुळे दाब वाढला याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वाढला नसता तर व्हॉल्व्हचा दोष. रिंगा झिजल्या म्हणून ऑइल जळत होतं, आणि त्या जळक्या ऑइलच्या राखेने कॅटकॉन बाद झाला होता. इंजिन बांधायचं आणि कॅटकॉनही बदलायचा, असा मिळून अंदाज ५२ हजारांचा निघाला.

खरं तर गाडी हे वर्षभरापासून सांगत होती. बाबा दर वेळी पेट्रोल भरलं की दाराच्या कप्प्यातल्या छोट्या वहीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. २०१९ ची पानं काढली तर सोळाच्या आसपास मायलेज. शेवटच्या पानावर अकरा, आणि त्याखाली त्यांनीच लिहिलेलं, 'ऑइल अर्धा लि. टाकलं'. तुमच्याकडे अशी नोंद असेल तर ती मेकॅनिकपुढे ठेवा. दोषाची सुरुवात कधी झाली ते तिच्यात दिसतं.

पुढच्या पाच वर्षांचा खर्च मांडा

दुरुस्तीचा आकडा एकटा बघू नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी पासिंग. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, दुचाकीची १,०००. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षं उलटलेल्या मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. शिवाय पासिंगला गाडी दाखवायची तर टायर, ब्रेक, दिवे, पत्र्याचा गंज हे सगळं ठीक करून न्यावं लागतं.

आमची गाडी २०२६ मध्ये वीस वर्षांची होत होती. ५२ हजार, अधिक पासिंग, अधिक कर, अधिक टायर. बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या वर गेली तेव्हा घरात कुणी वाद घातला नाही. माझं मत असं, की दुरुस्ती आणि पासिंग मिळून गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर दुरुस्त करा, पुढची पाच वर्षं निघतील. त्यावर गेलं तर थांबा.

इथे एक गैरसमज सांगतो, कारण त्याच्यापायी लोक चांगल्या गाड्या घाईने काढून टाकतात. दहा वर्षं झालेली डिझेल आणि पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आला, आणि तिथेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो शिथिल केला. २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्यामागे आहे. पुण्या-नाशकातल्या खासगी मोटारीला तो लागू नाही. इथे पासिंग झालं आणि पीयूसी मिळाली तर गाडी चालते. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर १ एप्रिल २०२३ पासून वाढवत नाहीत. टॅक्सीला शहरानुसार वयोमर्यादा असते. मुंबईत ती २० वर्षं, म्हणूनच २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आणि घरात आजोबांची पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल, तर तिच्यासाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे. ती मोडीत काढू नका.

भंगारवाला दोन हजार जास्त देतोय, तरी देऊ नका

आमच्या चौकातल्या भंगारवाल्याने रोख भाव सांगितला आणि तो अधिकृत केंद्रापेक्षा खरोखर जास्त होता. "आरसी बुक पण देऊन टाका, बाकी मी बघतो," असंही म्हणाला. या वाक्याला भुलू नका.

कायद्याच्या लेखी आरसीवर ज्याचं नाव तो मालक. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसावर आली. तुमची गाडी मोडली नाही, कुणी तिचा चॅसिस नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकला, किंवा तीच गाडी तशीच कुठेतरी पळत राहिली, तर चलनं आणि पोलिसांचे फोन तुम्हालाच येतात.

नापास गाडी दुसऱ्याला 'स्वस्तात' विकायलाही माझा विरोध आहे. घेणाऱ्याला दोष सांगितला तर तो घेत नाही, न सांगता विकणं ही फसवणूक. मात्र दोष सांगून, दुरुस्त करणारा ग्राहक मिळाला तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. शोरूममध्ये एक्सचेंजला देत असाल तर अधिकृत डीलरला गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने परिवहनच्या संकेतस्थळावर होते. ती झाल्याशिवाय चावी देऊ नका.

अधिकृत केंद्र निवडणं आणि भाव ठरवणं

वाहन मोडीत काढण्याचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. त्यानुसार हे काम फक्त नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच होतं. सगळे त्याला 'आरव्हीएसएफ' म्हणतात. परिवहनच्या संकेतस्थळावर 'व्ही-स्क्रॅप' विभागात राज्यवार यादी आहे. गाडी एमएच-१२ ची असली तरी केंद्र कुठल्याही जिल्ह्यातलं, अगदी शेजारच्या राज्यातलंही चालतं. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, त्या यादीत नाव आहे का तेवढं स्वतः बघा.

भाव मुख्यतः वजनावर ठरतो. आरसीवर 'अनलेडन वेट', म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, लिहिलेलं असतं, त्याला दिवसाच्या भंगार लोखंडाच्या दराने गुणतात आणि न निघणाऱ्या गोष्टींची वजावट करतात. तीन केंद्रांना फोन करा आणि तिघांनाही हेच विचारा. किलोमागे दर किती? बॅटरी, टायर आणि कॅटकॉन नसेल तर किती कापता? घरून उचलून नेण्याचा खर्च कुणाचा? आम्हाला तीन केंद्रांच्या भावात साडेचार हजारांचा फरक मिळाला, आणि त्यातला बराचसा फरक टोइंगच्या पैशांत लपलेला होता.

कॅटकॉन आधी काढून विकायचा मोह होतो, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं. पण अपुरी गाडी दिली की भाव कापतात आणि बऱ्याचदा हाती काही उरत नाही. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, जॅक खुशाल काढून घ्या. सीएनजी टाकी असेल तर केंद्राला आधी सांगा.

कागद: इथेच आठवडे जातात

आधी 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर आपला मोबाइल नंबर बरोबर आहे का ते तपासा. ऑनलाइन अर्जाला गाडीचा नंबर, चॅसिसचे शेवटचे पाच आकडे आणि ओटीपी लागतो. ओटीपी २००६ साली दिलेल्या, कधीच बंद झालेल्या नंबरवर जात असेल तर अर्ज तिथेच अडतो. आमचा अडला. बाबांच्या नावाचा नंबर बदलायलाच पाच दिवस गेले.

कर्जाचा बोजा तपासा. हप्ते पंधरा वर्षांपूर्वी संपले असतील, पण बँकेचं नाव आरसीवर तसंच राहिलेलं असतं. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जा आणि हे काम सर्वात आधी सुरू करा.

थकलेली ई-चलनं भरा. रक्कम मोठी असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड होते, तारीख बघून ठेवा. कर बाकी असेल तर तोही. केंद्र गाडी घेण्यापूर्वी ती चोरीची नाही ना, हे पोलिसांच्या नोंदीत तपासतं.

मालक हयात नसेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन केंद्राला आधी विचारा, कारण काही ठिकाणी आधी फॉर्म ३१ ने नाव बदलून आणायला सांगतात. मालक हयात आहे पण चालता-फिरता येत नाही, तर केंद्राच्या माणसाला घरी बोलावता येतं. बाबांनी खुर्चीत बसूनच सह्या केल्या.

सोबत मूळ आरसी, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक ठेवा. पैसे बँकेतूनच घ्या.

गाडी द्यायच्या दिवशी

पीयूसी नसलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा. डॅशबोर्डचा खण, डिकी, सीटखाली, सन व्हायजरच्या मागे हात घालून बघा. फास्टॅग काचेवरून काढा आणि देणाऱ्या बँकेकडे बंद करून अनामत परत मागा. चारही बाजूंचे फोटो, चॅसिस नंबरचा फोटो आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. आमच्या मीटरवर १,१८,४०६ होते.

गाडी ताब्यात घेतली की केंद्र 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतं. हा कागद फार मोलाचा आहे. हे हातात, निदान मोबाइलवर, आल्याशिवाय टोइंगवाल्याला निरोप देऊ नका. केंद्रात आधी पेट्रोल, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल काढतात, एसीचा गॅस वेगळा भरून घेतात, बॅटरी आणि एअरबॅग उतरवतात. मग कापाकापी. चॅसिस नंबरचा पत्रा वेगळा कापून केंद्र पुरावा म्हणून ठेवतं. मी विचारलं तर मला तो बघू दिला. तळहाताएवढा तुकडा, कडेला गंज, मधे आकडे अजून स्वच्छ. काम पूर्ण झालं की दुसरा दाखला मिळतो, 'सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग'.

त्या दाखल्याचा उपयोग करून घ्या

नवी गाडी घेताना सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट दाखवलं तर नोंदणी फी माफ होते. वाहन करातही सवलत आहे. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला कमाल २५ टक्के अशी मर्यादा आहे आणि त्या मर्यादेत दर राज्य ठरवतं, म्हणून गाडी बुक करण्याआधी आपल्या आरटीओत चालू दर विचारा. रक्कम लहान नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला कर ११ टक्के, म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार. सवलतीच्या दर दहा टक्क्यांमागे ८,८०० रुपये वाचतात. कंपनीची वेगळी सूट असते का, हे शोरूममध्ये लेखी विचारा. दाखल्याला मुदत असते आणि ती त्यावरच छापलेली असते. लगेच गाडी घ्यायची नसेल तर दाखला दुसऱ्याला हस्तांतरित करता येतो.

विमा गाडी ताब्यात दिल्यानंतरच रद्द करा, आधी नाही. उरलेल्या काळाचा हप्ता नियमाप्रमाणे परत मिळतो. त्याच वेळी नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचं, पत्र मागून घ्या. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, तीन वर्षं टिकतो आणि गाडीचा नाही, माणसाचा असतो. आमची चूक इथे झाली. बोनस बाबांचा आणि नवी गाडी माझ्या नावावर घेतली, त्यामुळे तो वाया गेला. नवी गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हे ठरवताना एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

शेवटचं काम, महिनाभराने

परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर जुन्या गाडीचा नंबर टाकून बघा. नोंदणी रद्द झालेली दिसली पाहिजे. अजून 'ॲक्टिव्ह' दिसत असेल तर दोन्ही दाखल्यांच्या प्रती आणि कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्याचा साधा अर्ज घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदली होती तिथे जा आणि पोच घ्या. आमच्या गाडीचं नाव तेविसाव्या दिवशी उतरलं. तो स्क्रीनशॉट, दोन्ही दाखले आणि पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद मी बाबांच्या त्या वहीच्या मागच्या पानात ठेवली आहे. वही आता नव्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात आहे, आणि पहिली नोंद बाबांनीच केली आहे.